सोलापूरचं ऑनलाइन प्रवास-गाईड आपणच लिहू या, कसं ते सांगतो

सोलापूर स्टेशनवर रोज उतरणाऱ्या परगावच्या लोकांकडे जरा बघा, कोणाला तुळजापूरला जायचंय, कोणाला अक्कलकोटला, कोणी पंढरपूर करून आलेत, कोणी गाणगापूरला निघालेत, आणि गावात मात्र यातले फार थोडे थांबतात कारण इथे थांबून करायचं काय हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. मोबाईलवर शोधलं की मिळतं काय तर "ऐतिहासिक आणि सांस्कृतिक वारसा लाभलेलं शहर", "चादरींसाठी प्रसिद्ध", झालं. याच्यात सकाळी सहाला बॅग घेऊन उतरलेल्या माणसाला काहीही उपयोगाचं नाही. त्याला पाहिजे असतं की सामान कुठे ठेवू, सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत रिक्षाने जाऊ की चालत, दुपारी जेवायला काय मिळेल, उन्हाळ्यात आलो तर फिरता तरी येईल का. हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं, फक्त आपण ते कुठे लिहून ठेवत नाही.

लिहायला जागा आहे, आणि ती जाहिरातीवर चालणारी नाही, ती म्हणजे विकिव्हॉयेज. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचाच हा प्रकल्प, प्रवाशांनी प्रवाशांसाठी लिहिलेलं फुकट गाईड, कोणीही वाचा, कोणीही बदला. याची सुरुवात २००३ साली विकिट्रॅव्हल नावाने झाली, एव्हान प्रोड्रोमू आणि मिशेल अ‍ॅन जेंकिन्स या दोघांनी ती केली, मग २००६ मध्ये ती साइट एका कंपनीने विकत घेतली आणि जर्मन आणि इटालियन लिहिणाऱ्या मंडळींना ते पटलं नाही, त्यांनी त्याच वर्षी वेगळं होऊन विकिव्हॉयेज काढलं. इंग्रजीतले बरेच जुने लोक २०१२ मध्ये तसंच बाहेर पडले आणि १५ जानेवारी २०१३ ला, विकिपीडियाच्या वाढदिवशी, विकिव्हॉयेज विकिमीडियाच्या छताखाली रीतसर सुरू झालं. हा इतिहास सांगायचं कारण एकच, मजकूर खुल्या परवान्याखाली होता म्हणून लोकांना तो सोबत घेऊन निघता आलं. तुम्ही आज गड्ड्याबद्दल, म्हणजे आपल्या सिद्धेश्वर यात्रेबद्दल, चार ओळी लिहिल्या तर त्या उद्या कोणा एका मालकाच्या होऊन बंद पडणार नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

विकिपीडियापेक्षा इथे एक मोठा फरक आहे आणि तो आपल्या फायद्याचा आहे. तिथे प्रत्येक वाक्याला संदर्भ लागतो, पेपरात आलंय का, पुस्तकात आहे का. इथे तसं नाही, तुम्ही स्वतः पाहिलेलं, खाल्लेलं, चाललेलं लिहायचं, त्यासाठी तळटीप कोणी मागत नाही. नियम एकच लक्षात ठेवायचा: प्रवासी आधी. गावाचा अभिमान, संस्थेचं नाव, पुढाऱ्याचा फोटो हे सगळं नंतर किंवा नाहीच.

भाषा आणि खातं

मराठीचं स्वतंत्र विकिव्हॉयेज अजून नाही. हिंदी आणि बंगालीचं आहे. मराठीत लिहायचंच असेल तर विकिमीडियाच्या इन्क्युबेटरमध्ये लिहावं लागतं, तिथे नव्या भाषा वाढवतात, आणि बरेच लोक नियमित लिहायला लागले की मग वेगळी साइट मिळायचा मार्ग उघडतो. माझं मत विचाराल तर दोन्ही करा पण सुरुवात इंग्रजी पानापासून करा, कारण हैदराबादचा, बंगळुरूचा, कोलकात्याचा माणूस तेच उघडणार आहे. इंग्रजी कच्चं आहे म्हणून मागे राहू नका, साधी तुटक वाक्यं लिहिली तरी चालतात, भाषा घासूनपुसून देणारे लोक जगभर बसलेत, पण यात्रेत अक्षता पडतात तो सम्मती कट्टा कुठे आहे हे त्यातल्या कोणालाच माहीत नाही.

खातं काढायला दोन मिनिटं लागतात, आणि एकच खातं विकिपीडिया, कॉमन्स (विकिमीडियाचा फोटोंचा साठा), विकिव्हॉयेज सगळीकडे चालतं. खरं नाव द्यायची गरज नाही, पण हॉटेलचं किंवा ट्रॅव्हल एजन्सीचं नाव घेऊन खातं काढू नका, लोक लगेच जाहिरातीच्या संशयाने बघायला लागतात. शक्यतो लॅपटॉपवर बसा, मोबाईलवर होतं पण ठिकाणांच्या नोंदी भरताना वैताग येतो.

पहिला बदल छोटा ठेवा

आधी सोलापूरचं पान पूर्ण वाचा, मग पुण्याचं किंवा हैदराबादचं पान उघडून रचना बघा. सगळ्या पानांना ठरलेले विभाग असतात: गाव समजून घ्या, कसं पोहोचाल, गावात कसं फिराल, काय बघाल, काय कराल, काय विकत घ्याल, खाणं, पिणं, मुक्काम, सुरक्षितता, आणि शेवटी पुढे कुठे. नवीन विभाग काढायचा नाही, आहे त्यात भरायचं. पहिल्या दिवशी सगळं पान उलटंपालटं करू नका, एखादी चुकलेली गोष्ट दुरुस्त करा, खाली सारांशाच्या चौकटीत काय बदललं ते एका ओळीत लिहा आणि सेव्ह करा. काही बिघडलं तर जुनी आवृत्ती इतिहासात असतेच, एका क्लिकवर परत आणता येते, त्यामुळे घाबरायचं काही नाही.

"कसं पोहोचाल" इथून सुरू करणं सगळ्यात सोपं. मुंबईहून रात्रभर प्रवास करून सकाळी उतरवणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस, पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेस, फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत, पुणे-हैदराबाद हायवे, विजयपूरकडून येणारा रस्ता. गाड्यांच्या वेळा मिनिटासकट लिहू नका, त्या बदलतात आणि मग चुकीचं पान चार वर्षं तसंच राहतं, त्यापेक्षा "रात्री बसा, सकाळी उतरा" एवढं लिहा आणि वेळेसाठी रेल्वेच्या अधिकृत साइटची लिंक द्या. विमानाचंही तसंच, होटगी रोडचं विमानतळ कितीतरी वर्षं प्रवाशांसाठी नसल्यातच जमा होतं, २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली, आता ज्या साइटवर अजून "जवळचं विमानतळ पुणे" एवढंच आहे ती किती जुनी झाली ते बघा. आणि हुतात्मा एक्सप्रेसचं नाव लिहिताना अर्धं वाक्य जास्त लिहा, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, सोलापूरच्या १९३० च्या मार्शल लॉची ती गोष्ट आहे. म्हणजे ज्या गाडीने माणूस आला त्या गाडीचं नाव त्याला गावातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपर्यंत घेऊन जातं. अशी जोडणी बाहेरचा लेखक करूच शकत नाही.

विशेषण काढा, माहिती घाला

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून जरा सविस्तर. समजा गड्ड्याबद्दल कोणी लिहिलंय, "सोलापूरची सुप्रसिद्ध सिद्धेश्वर यात्रा अत्यंत उत्साहात आणि भक्तिभावाने साजरी होते." वाचून काय कळलं? काही नाही. आता असं लिहा: यात्रा जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास असते, बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची, त्यांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांना मानाचे सात नंदीध्वज वाजतगाजत जातात, ही उंच जड काठी माणसं तोल सांभाळत पेलतात, सोबतचे लोक पांढऱ्या बाराबंदीत असतात, भोगीला सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा (प्रतीकात्मक लग्न), संक्रांतीला होम मैदानावर होम, मग शोभेचं दारूकाम, आणि त्याच मैदानावर पाळणे, खेळणी, खाण्याचे स्टॉल पुढेही बरेच दिवस चालू राहतात. यापुढचं मात्र प्रवाशाच्या कामाचं: त्या दिवसांत मिरवणुकीच्या रस्त्यांवर गाडी जात नाही, सिद्धेश्वर देवळाच्या तळ्याच्या आसपास चालतच फिरावं लागतं, लॉज आधी बुक करा, अक्षतेला जवळून बघायचं असेल तर बरंच आधी जाऊन जागा धरा, लहान पोर सोबत असेल तर गर्दीच्या कडेला थांबा. आता हे वाचून मुंबईचा माणूस रजा टाकू शकतो.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याचंही असंच खरं खरं लिहायला पाहिजे. १९७९ चं अभयारण्य आहे, माळढोक पक्ष्यासाठी केलेलं, पण आता माळढोक दिसणं फारच दुर्मिळ आहे, नावावर भरवसा ठेवून कोणी कॅमेरा घेऊन आला आणि रिकाम्या हाताने परत गेला तर तो आपल्या सगळ्याच पानावर विश्वास ठेवणार नाही. काळवीट दिसतात, नशीब असेल तर लांडगा, गवताळ माळरान म्हणजे काय ते बघायला मिळतं, पहाटे जा, वन खात्याची परवानगी आधी विचारून घ्या. एवढं स्पष्ट लिहिलं तरी जाणारे जातातच, उलट तयारीने जातात. नळदुर्गचा नर-मादी धबधबाही तसाच, पाऊस चांगला झाला आणि बोरी नदीला पाणी असलं तरच पडतो, हे अर्धं वाक्य लिहिलं नाही तर मे महिन्यात लोक तिथे कोरडा दगड बघून येणार.

नोंद कशी भरायची

देऊळ, किल्ला, हॉटेल, दुकान, अशा प्रत्येक ठिकाणाची वेगळी नोंद करतात, विभागाच्या नावाशेजारी नोंद जोडायचं बटण असतं, ते दाबलं की फॉर्म उघडतो. नाव, दुसरं नाव, पत्ता, कसं शोधायचं, फोन, वेळ, दर, आणि वर्णन. आपल्याकडच्या पत्त्यात "कसं शोधायचं" ही चौकटच जास्त कामाची, कारण सोलापुरात घर नंबर विचारून कोणी पोहोचत नाही, सात रस्ता, कन्ना चौक, अशोक चौक, मधला मारुती, विजापूर वेस अशाच खुणा सांगतो आपण, तेच लिहा. फोन +९१ २१७ असा पूर्ण द्या, रुपये आकड्यात द्या, "माफक दर" लिहू नका, कोणाचं माफक?

अक्षांश-रेखांशाची चौकट रिकामी सोडू नका. ते भरले की ते ठिकाण आपोआप पानावरच्या नकाशावर क्रमांकासकट उमटतं. जागेवर उभं राहून फोनच्या जीपीएसवरून घ्या किंवा ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर ती जागाच नसेल तर तिथेही टाका, प्यायचं पाणी, सार्वजनिक शौचालय, बस थांबा या गोष्टी बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना फार लागतात आणि नकाशावर त्याच नेमक्या नसतात. नोंदीत माहिती कधी तपासली ती तारीखही टाकता येते, ती आठवणीने टाका.

कुठल्या ठिकाणाला स्वतंत्र पान मिळतं याची एक सोपी कसोटी आहे: तिथे रात्री मुक्काम करता येतो का? म्हणून तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर यांची स्वतंत्र पानं होतात, पण भुईकोट किल्ल्याचं होत नाही, तो सोलापूरच्या पानात. हत्तरसंग कुडलही सोलापूरच्या पानातच बसतं, भीमा आणि सीनेचा संगम, बहुमुखी शिवलिंग, आणि शके ९४० चा मराठी शिलालेख, एवढी मोठी गोष्ट असूनही तिथे जाणाऱ्यांना गाडी कशी करायची, जेवण सोबत न्यायचं की नाही हे कुठे सापडत नाही. गेलात तर तेच टिपून आणा.

आणि यादी वाढवत बसू नका. एका यादीत साधारण सात, दोन इकडे दोन तिकडे, असा तिथला संकेत आहे. चाळीस लॉजची यादी कोणीही देऊ शकतं, तुम्ही त्यातले स्वस्त, मधले, महाग असे निवडून द्या.

खाणं आणि खरेदी, इथे मनापासून वेळ द्या

शेंगा चटणी आणि कडक भाकरी एवढं लिहून थांबू नका. चटणी भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट कुटून करतात, तेल सुटेपर्यंत, आणि ती बरेच दिवस टिकते, कडक भाकरीही टिकते, म्हणजे पुढच्या रेल्वे प्रवासाची सोय झाली, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही. भाकरी तशीच कडकडीत चावायची की आमटीत कुस्करून खायची तेही लिहा. हुरडा डिसेंबर-जानेवारीत, शेतावर जाऊन खायचा, ज्वारी कोवळी असताना. शेंगा पोळी. शाकाहारी माणसाला काय मिळेल, तिखट सोसत नसेल त्याने काय मागायचं, संध्याकाळी गाड्यांवर काय मिळतं हे सगळं द्या. मोठ्या हॉटेलांची नावं इंटरनेटवर आधीच आहेत, गाड्यावरच्या डिस्को भजीचा फोटो आणि जागा तुम्ही द्या.

चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण प्रवाशाला विचारायचं असतं ते वेगळंच: कुठे घेऊ, एका चादरीचं वजन किती, विमानाच्या बॅगेत बसेल का, अस्सल सुती आहे हे कसं ओळखू. जे तुम्ही दुकानात उभं राहून बघता ते शब्दांत उतरवा.

पूर्व भागात गेल्याशिवाय हे पान पुरं होणार नाही. यंत्रमागाचा आवाज, पद्मशाली वस्ती, दुकानांवरच्या तेलुगू पाट्या, तिकडचे सण, आणि दुसरीकडे कन्नड बोलणारी घरं, उर्दू बोलणारे मोहल्ले, एवढ्या भाषा एका गावात आहेत तर लिहिणारेही तसेच पाहिजेत. म्हणून एकट्याने लिहू नका. एखाद्या रविवारी चार-पाच जण बसा, त्यात एक तेलुगू घरातला, एक कन्नड, एक रोज रिक्षा चालवणारा, एक कॉलेजची मुलगी असू द्या. रिक्षावाल्याला "फिरणं" हा विभाग सांगू द्या, शेअर रिक्षा कुठून कुठे जाते, रात्री उशिरा स्टेशनवरून किती घेतात. मुलीला "सुरक्षितता" सांगू द्या, अंधारात कुठला रस्ता टाळायचा, एकट्या बाईने लॉज कुठल्या भागात बघावा. ही माहिती दुसरं कोणी देऊ शकत नाही. उन्हाचंही याच विभागात स्पष्ट लिहा, एप्रिल-मे मध्ये पारा ४० च्या वर असतो, दुपारी बारा ते चार किल्ला-तलाव करू नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या.

काय टाळायचं

कुठल्याही साइटवरून मजकूर उचलून डकवू नका, सरकारी पर्यटन साइटवरूनसुद्धा नाही, ते लगेच उडवतात आणि उडवायलाच पाहिजे. स्वतःच्या शब्दांत लिहा. स्वतःचं हॉटेल असेल तर नोंद करायला बंदी नाही, पण पत्ता, दर, वेळ एवढंच द्या, "सोलापुरातील सर्वोत्तम" लिहिलं की ते काढलं जाणार. बुकिंग करून देणाऱ्या साइटच्या लिंक चालत नाहीत, ठिकाणाची स्वतःची अधिकृत साइट चालते.

फोटो विकिमीडिया कॉमन्सवर टाकायचे, स्वतः काढलेलेच. आपल्या देशात रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारती आणि पुतळे यांचे फोटो टाकायला कायद्याने अडचण नाही, महापालिकेच्या इंद्रभुवनसारखी इमारत बिनधास्त टाका, पण कोणाच्या चेहऱ्याचा जवळून फोटो असेल तर विचारून काढा. पानाच्या डोक्यावर एक लांब पट्टीसारखा फोटो लागतो, ७:१ मापाचा, तळ्याच्या या काठावरून देवळाचा आडवा फोटो त्यासाठी छान बसेल, मोठ्या रिझोल्यूशनचा काढा म्हणजे कापल्यावर फाटणार नाही.

तुम्ही लिहिलेलं कोणी बदललं तर चिडू नका. इतिहासात जाऊन सारांश वाचा, पटलं नाही तर चर्चा पानावर शांतपणे लिहा की मी इथे राहतो आणि असं असं आहे. बहुतेक वेळा समोरचा माणूस दुसऱ्या देशात बसलेला असतो आणि त्याला तुमचीच माहिती हवी असते. तुम्हीच पुन्हा पुन्हा उलटवत बसलात तर मात्र दोघांचंही काम थांबतं.

पान लक्ष ठेवायच्या यादीत टाका, तारा दाबला की झालं, मग कोणी बदल केला की कळतो. आणि दर वर्षी डिसेंबर लागला की एकदा बसून यात्रेचा भाग, लॉजचे दर, विमानाची आणि बसची माहिती तपासा, बंद झालेलं हॉटेल काढा, तपासल्याची तारीख बदला, कारण जानेवारीत बाहेरचे लोक सगळ्यात जास्त येतात आणि ते पान तेव्हाच उघडलं जातं.